जपानमध्ये फिरताना कुकिंग क्लास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेली मराठी मंडळी हल्ली व्हिसा आणि रेल्वे पासाच्या जोडीला कुकिंग क्लासबद्दलही विचारतात. त्यात शाकाहारी घरांतून येणारे प्रश्न जास्त असतात, म्हणून इथली उत्तरंही त्या बाजूला थोडी झुकलेली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या क्लासमध्ये नेमकं काय करतात? मला जेमतेम वरणभात येतो, तरी चालेल का?

चालेल. पर्यटकांसाठीचे बहुतेक क्लास अडीच-तीन तासांचे असतात आणि एका वेळी थोडेच लोक घेतात. हात धुऊन एप्रन बांधला की शिक्षिका साहित्याची ओळख करून देतात, दाशी नावाचं सार काढून चाखायला देतात (दाशीबद्दल प्रश्न ६ पाहा), आणि मग चिरणं, शिजवणं, गुंडाळणं तुम्हीच करता. शेवटी सगळे एकत्र बसून जेवतात. त्यामुळे त्या वेळचं जेवण वेगळं ठरवू नका.

घरगुती जेवणाच्या क्लासमध्ये सहसा भात, एक सूप आणि दोन-तीन पदार्थ असं पूर्ण ताट बनतं. भाताबरोबर एक सूप आणि तीन पदार्थ ही जपानी जेवणाची जुनी मांडणी आहे, तिला ‘इचिजू सानसाइ’ म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ‘वाशोकू’ म्हणजे जपानी पारंपरिक खाद्यसंस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या संस्कृतीचा गाभा या साध्या ताटात दिसतो.

२. सुशी, रामेन, बेंटो (जेवणाचा डबा), मिठाई... इतके प्रकार आहेत. कोणता निवडू?

एकच क्लास करणार असाल तर घरगुती जेवणाचा करा, आणि त्यात दाशी पहिल्यापासून काढून दाखवतात का हे विचारून घ्या. माझं हे मत पक्कं आहे. सुशीच्या क्लासमध्ये फोटो सुंदर येतात, पण त्याचा मोठा भाग भात आणि माशावर अवलंबून असतो, आणि तसा मासा घरी मिळवणं कठीण (प्रश्न १२). दाशी, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेलं सूप, भाजी शिजवण्याची पद्धत, तीळ वाटून केलेली पालेभाजी या गोष्टी मात्र परत आल्यावर आठवड्यातून दोनदाही करता येतात.

वेळ कमी असेल तर एका पदार्थाचे तास-दीड तासाचे क्लासही असतात. आधी बाजारात फिरवून मग स्वयंपाक शिकवणारे क्लास नवख्यांना फार उपयोगी पडतात, कारण दुकानात कोम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ), लोणची, मिसो प्रत्यक्ष पाहिल्यावर नंतर सुपरमार्केटमध्ये गोंधळायला होत नाही.

३. कोणत्या शहरात करावा?

शाकाहारी असाल तर क्योतो. बौद्ध मठांमुळे तिथे टोफू, युबा (सोयाच्या दुधावरची साय) आणि भाज्यांचा स्वयंपाक खोलवर रुजलेला आहे. निशिकी बाजार शहराच्या मधोमध आहे आणि बरेच क्लास तिथूनच सुरू होतात. निशिकीत चालता चालता खाणं बरं मानत नाहीत. घेतलं त्या दुकानासमोर उभं राहून खावं.

तोक्योमध्ये पर्याय सर्वांत जास्त. त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण बाहेरची दुकानं त्सुकिजीतच आहेत आणि क्लासवाले तिथेच फिरवतात. रविवारी आणि बऱ्याच बुधवारी तिथली पुष्कळ दुकानं बंद असतात, तेव्हा बाजारफेरीचा क्लास त्या दिवशी घेऊ नका.

ओसाका ताकोयाकी (ऑक्टोपसचा तुकडा घातलेले अप्पे) आणि ओकोनोमियाकीचं (कोबी घातलेलं जाड धिरडं) शहर. हिरोशिमाची ओकोनोमियाकी वेगळी, तिच्यात नूडल्ससकट एकावर एक थर येतात. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात सानुकी उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) शिकता येतं. कोतोहिराच्या नाकानो उदोन स्कूलमध्ये कणीक पायांनी तुडवायला लावतात, तेही गाणं लावून नाचत. लहान मुलं आणि आजोबा एकाच वेळी रमतील असा याच्या तोडीचा क्लास मला दुसरा माहीत नाही. नागानोजवळच्या तोगाकुशीला सोबा नूडल्स लाटून कापायला शिकवतात, पण आधी प्रश्न ११ वाचा.

४. सहलीच्या सुरुवातीला करावा की शेवटी?

सुरुवातीला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केला तर उत्तम, कारण क्लासमध्ये जे कळतं ते उरलेल्या सगळ्या सहलीत रोज उपयोगी पडतं. कोणत्या सूपमध्ये मासा असणार, कोणता सॉस टाळायचा, दुकानात पाकिटावर काय शोधायचं, हे शिक्षिकेला सविस्तर विचारता येतं. हॉटेलच्या वेटरला घाईच्या वेळी इतकं विचारता येत नाही. पोहोचल्याच दिवशी मात्र ठेवू नका. झोप अपुरी असताना हातात धारदार सुरी नको.

नव्या वर्षाच्या आसपास (साधारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी) पुष्कळ क्लास बंद असतात. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला सुट्ट्यांचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण, या दिवसांत जागा लवकर भरतात.

५. खर्च, बुकिंग, भाषा, टिप, व्हिसा?

पूर्ण जेवणाच्या क्लासला माणशी साधारण सहा ते बारा हजार येन पडतात. बाजारफेरी असेल तर थोडे जास्त, एका पदार्थाचा छोटा क्लास असेल तर बरेच कमी. एक येन म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडं जास्त असं धरून हिशेब करा आणि निघताना दर बघा.

बुकिंग दोन-तीन आठवडे आधी करा, चेरीच्या बहरात आणि लाल पानांच्या मोसमात त्याहून आधी. साहित्य माणसं मोजून आणलेलं असतं, त्यामुळे ऐनवेळी रद्द केलं तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. उशीर तर अजिबात नको. दहा मिनिटं आधी पोहोचा, आणि घरगुती क्लासचा पत्ता आदल्या दिवशीच नकाशावर शोधून ठेवा. तिथे घरांचे क्रमांक गल्लीने न जाता भागवार असतात, त्यामुळे शोधायला वेळ जातो.

परदेशी लोकांसाठीचे क्लास इंग्रजीत चालतात. टिप देण्याची रीत जपानमध्ये नाही, देऊ नका. पर्यटक व्हिसावर असा काही तासांचा क्लास करायला हरकत नाही.

६. हे ‘दाशी’ प्रकरण काय आहे? आणि शाकाहारी दाशी असते का?

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची गुंडाळी, टेम्पुरासोबतची (जपानी भजी) चटणी, सगळ्यांत ती असते. नेहमीची दाशी दोन गोष्टींची : कोम्बू हे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धूर देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेल्या बोनिटो माशाचा कीस. लिटरभर पाण्याला सुमारे १० ग्रॅम कोम्बू घालून अर्धा तास भिजवतात, मंद आचेवर तापवतात आणि पाणी उकळायच्या आत काढून घेतात. उकळलं तर बुळबुळीत होतं आणि उग्र वास येतो. मग माशाचा कीस घालून, आच बंद करून, मिनिट-दोन मिनिटांत गाळतात. कोकणातल्या घरी मूठभर सोडे वांग्याच्या भाजीला जे करतात, तेच काम हा कीस इथे करतो.

शाकाहारी दाशी असते आणि ती शेकडो वर्षं मठांत चालत आली आहे : कोम्बू आणि वाळवलेले शिइताके मश्रूम. ही दुय्यम किंवा तडजोडीची दाशी आहे असं कुणी म्हणालं तर मानू नका. १९०८ मध्ये तोक्योच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटची चव दाखवून दिली. ते वाळवलेल्या शिइताकेत भरपूर असतं. ग्लुटामेटसोबत या दोहोंपैकी कोणतंही एक आलं की चव नुसत्या बेरजेहून कितीतरी वाढते. म्हणजे कोम्बूला माशाऐवजी शिइताकेची जोड दिली तरी तोच गुणाकार होतो, सुगंध तेवढा वेगळा. शिइताके फ्रिजमध्ये थंड पाण्यात रात्रभर भिजवले तर चव सर्वांत चांगली उतरते.

क्लासमध्ये नुसती कोम्बूची, नुसती शिइताकेची आणि मग दोन्ही मिसळून अशी चव बघायला मागा. शिक्षिका आनंदाने देतात, आणि हे वाचून कळण्यापेक्षा जिभेवर लगेच कळतं.

७. ‘व्हेजिटेरियन चालेल’ असं उत्तर आलं आहे. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. मांसाचा आणि माशाचा तुकडा नाही म्हणजे शाकाहारी, असा समज तिथे सर्रास आहे, आणि दाशीतला मासा त्यात मोजला जात नाही. फसवण्याचा हेतू कुणाचाच नसतो. रोजच्या पाण्यासारखी गोष्ट असल्यामुळे ती लक्षातच येत नाही.

बुकिंग करतानाच लिहून विचारा : दाशी कशाची आहे, मिसोमध्ये आधीच दाशी घातलेली आहे का (बाजारात तशी मिसो भरपूर मिळते), आणि वापरायच्या तयार सॉसमध्ये मासा किंवा मांसाचा अर्क आहे का. पोन्झू, नूडल्सचं त्सुयू, ओकोनोमियाकीचा सॉस, भातावर भुरभुरायचा फुरिकाके यांत तो पुष्कळदा असतो. ‘डुकराचं मांस काढून ओकोनोमियाकी देऊ’ असं उत्तर आलं तर पिठात दाशी आणि वर कात्सुओबुशी राहतेच. ते फडफडणारे पापुद्रे म्हणजेच माशाचा कीस.

तोंडी सांगायला ही वाक्यं पाठ करा : “निकु, तोरिनिकु, साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो ताबेमासेन.” मांस, कोंबडी, मासा खात नाही, बोनिटोची दाशीही नाही. कोंबडी वेगळी सांगावी, कारण नुसत्या ‘निकु’मध्ये ती कधी कधी धरत नाहीत. पुढे जोडा : “कोम्बु तो शिइताके नो दाशि नारा दाइजोबु देस.” कोम्बू आणि शिइताकेची दाशी असेल तर चालेल. नकाराबरोबर काय चालतं हेही सांगितलं की समोरच्या माणसाची अडचण सुटते आणि तो खुशीने सोय करतो.

अंडं खात नसाल तर तेही स्वतंत्र सांगा. टेम्पुराचं पीठ आणि जपानी मेयोनेज दोन्हींत अंडं येतं.

८. आम्ही जैन आहोत. ‘शोजिन र्‍योरी’ आम्हाला पूर्ण चालते असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं. शोजिन र्‍योरी हे बौद्ध भिक्षूंचं जेवण. त्यात मांस, मासे, अंडी नसतात, आणि परंपरेने कांदा, लसूण, पात यांसारख्या उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य असतात. इथपर्यंत जमतं. पण मुळा, गाजर, बटाटा, कमळाचं मूळ, गोबो हे कंद-मुळं त्यात भरभरून वापरतात. मश्रूमही असतात. कोयासान या मठांच्या डोंगरावरचं प्रसिद्ध गोमा-दोफू (तिळाचा ‘टोफू’) तीळ आणि कुझूचं असतं आणि त्यात सोया नसतो, पण कुझू हे एका वेलीच्या मुळातून काढलेलं सत्त्व आहे. तेव्हा कंदमूळ पाळत असाल तर ‘शोजिन’ एवढ्यावर न थांबता वस्तूंची यादी पाठवा. नुसत्या कोम्बूची दाशी, टोफू, युबा, वांगं, भोपळा, पालक, तीळ, भात एवढ्यावर उत्तम ताट होतं आणि खासगी क्लास घेतला तर शिक्षिका ते बसवून देतात.

कोयासानला मठात राहून हे जेवण जेवता येतं, तिथे पन्नासच्या आसपास मठ यात्रेकरूंना ठेवून घेतात. ते जेवणाचं ठिकाण आहे. स्वयंपाक शिकायचा असेल तर वेगळी चौकशी करावी लागते.

९. मिठाईचा क्लास तरी नक्की शाकाहारी ना?

जवळजवळ. क्योतोत शिकवतात ती नेरिकिरी पांढऱ्या घेवड्याचा गोड गोळा, चिकट तांदळाचं पीठ आणि साखर यांची असते. त्याला मोसमाप्रमाणे फुलापानांचे आकार देतात. योकान ही गोड वडी कांतेनने, म्हणजे समुद्री शेवाळाच्या अगर-अगरने घट्ट करतात, जिलेटिनने नाही. नव्या पद्धतीच्या पुडिंग-जेलीत मात्र जिलेटिन असू शकतं. जैनांनी एवढं विचारावं की गोळ्यात यामाइमो हा कंद घातला आहे का, कारण काही ठिकाणी घालतात. चौकशीचा ताण नको असेल अशा शाकाहारी कुटुंबाला मी हाच क्लास सुचवते.

१०. मिरिन आणि साकेमध्ये दारू असते. आम्हाला नको. काय करायचं?

मिरिन ही स्वयंपाकाची गोड दारू, तिच्यात सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं. साके ही तांदळाची दारूही स्वयंपाकात सर्रास पडते. शिजवताना पुष्कळसं उडतं, पण सगळं उडतं असं समजू नका. काही सोया सॉसमध्येही टिकण्यासाठी अल्कोहोल घालतात. बुकिंगच्या वेळी सांगितलंत तर साखर आणि पाणी वापरून काम भागतं. हलाल जेवण पाळणाऱ्यांसाठीचे क्लासही तोक्यो आणि क्योतोत आहेत, तिथे हा प्रश्नच येत नाही.

११. ॲलर्जी आहे. कितपत सुरक्षित?

जपानमध्ये वेष्टनावर काही गोष्टी जाहीर करणं सक्तीचं आहे, त्यांत या येतात : अंडी, दूध, गहू, सोबा, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड. तीळ आणि सोयाबीन त्या सक्तीच्या यादीत नाहीत, आणि जपानी स्वयंपाकात ते सगळीकडे आहेत. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. तामारी हा सोया सॉसचाच प्रकार बहुधा गव्हाविना बनतो, तरी बाटली वाचावी. मिसो जवाचीही असते.

सोबा म्हणजे आपण ज्याला कुट्टू म्हणतो ते धान्य. त्याची ॲलर्जी असेल तर सोबाच्या क्लासला बघायलाही जाऊ नका, कारण पीठ हवेत उडतं. उलट गहू टाळण्यासाठी सोबा निवडणारेही फसतात : बऱ्याच सोबामध्ये दोन भाग गहू आणि आठ भाग कुट्टू असतं. पूर्ण कुट्टूच्या सोबाला ‘जुवारी’ म्हणतात, तीही बहुतेकदा त्याच भांड्यातल्या पाण्यात शिजते.

१२. कच्चा मासा खावाच लागतो का? आणि तो घरी येऊन करता येईल का?

खावा लागत नाही. काकडीची, लोणच्याची, अंड्याची सुशी तिथेही रोज खातात. गरोदर असाल तर कच्चा मासा आणि कच्चं अंडं दोन्ही नको असं आधीच कळवा. तिथे अंडं कच्चं खाण्याची पद्धत असल्यामुळे ते न विचारता पुढे येऊ शकतं.

घरी करायचं म्हणाल तर आपल्या कोळीवाड्यातला ताजा फडफडीत मासासुद्धा कच्चा खाऊ नका. ताजेपणा आणि कच्चं खाण्यालायक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनिसाकिस हा परजीवी मारायला मासा उणे २० अंशांना किमान २४ तास गोठवावा लागतो, आणि घरच्या फ्रिजरचा भरवसा धरता येत नाही. शिवाय जंतूंचा प्रश्न त्याने सुटत नाही. शिजवलेली कोळंबी वापरा, छान लागते.

१३. मुलांना आणि आजी-आजोबांना नेता येईल का?

बहुतेक ठिकाणी वयाची अट असते, कारण गरम तेल आणि सुऱ्या. ओनिगिरी (भाताचे वळलेले गोळे), बेंटो, मिठाई आणि उदोनचे क्लास मुलांना सोपे. ओसाकाजवळच्या इकेदात आणि योकोहामात कप नूडल्सचं म्युझियम आहे, तिथे मुलं स्वतःचा कप रंगवून भरतात. पण त्यात मांसाचे घटक असतात, हे शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी विचारा : जेवण खाली तातामीवर बसून आहे की टेबलावर, आणि किती वेळ उभं राहावं लागतं.

१४. मी डावखुरी आहे. अडचण येईल का?

घरगुती सान्तोकू सुरीला दोन्ही बाजूंनी धार असते, तिला काही अडचण नाही. साशिमीची (कच्च्या माशाचे काप) यानागिबा सुरी मात्र एकाच बाजूने धार दिलेली आणि सहसा उजव्या हातासाठी घडवलेली असते. डाव्या हाताने ती तिरकी जाते आणि बोट कापण्याचा धोका असतो. आधी कळवलंत तर वेगळी सुरी ठेवतात.

१५. वागण्याच्या कोणत्या गोष्टी पाळाव्यात?

घरी जाणार असाल तर चपला-बूट दारात काढायचे, त्यामुळे मोजे चांगले घाला. अंगठ्या काढा, केस बांधा, अत्तर लावू नका, दाशीचा वास हलका असतो. जेवणाआधी ‘इतादाकिमास’, नंतर ‘गोचिसोसामा देशिता’. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. ताटात टाकू नका, थोडं घेऊन परत मागा.

१६. शिक्षिकेला भारतातून काय न्यावं? कढीपत्ता किंवा आंबे चालतील?

ताजी फळं, भाज्या, पानं नेऊ नका, आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय जपानच्या विमानतळावर ती काढून घेतात. मांसाचे पदार्थही नकोत. सीलबंद चिक्की चांगली, पण शेंगदाणे तिथे ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत आहेत, म्हणून पाकिटावर घटक छापलेले असावेत.

१७. परत आल्यावर सामान कुठून आणायचं? जपानी तांदूळ नसेल तर?

कोम्बू आणि वाळलेले शिइताके हलके असतात, वर्षभर टिकतात, तेच भरून आणा. मिसो, सोया सॉस भारतातही मिळतात. मिसो आणलीच तर केबिन बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत ती द्रवपदार्थांसारखी धरतात आणि १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही.

तांदळासाठी आपल्या मावळचा इंद्रायणी वापरून बघा. जात वेगळी, वासही वेगळा, पण शिजल्यावर पुरेसा चिकट होतो आणि ओनिगिरी नीट वळते. पाणी निवळेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, आणि शिजल्यावर दहा मिनिटं झाकण न काढता मुरू द्या. बासमती इथे कामाचा नाही.

१८. तिथली सुरी विकत घेतली तर?

घ्या, क्योतोच्या निशिकीत १५६० पासूनचं आरित्सुगू हे दुकान आहे, तोक्योत काप्पाबाशी आणि ओसाकात दोगुयासुजी हे भांड्यांचे बाजार आहेत. दुकानाचं वेष्टन न सोडता थेट हॉटेलवर न्या. सबळ कारणाशिवाय सहा सेंटिमीटरहून लांब पात्याची सुरी जवळ बाळगून फिरणं तिथे गुन्हा आहे. विमानात ती चेक-इन बॅगेतच. साध्या पोलादाची असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत एका रात्रीत गंजते, वापरली की लगेच धुऊन कोरडी पुसा आणि पात्याला तेलाचं बोट लावून ठेवा. पावसाळ्याची काळजी नको असेल तर स्टेनलेसची घ्या.